चकतीवरचा लाल ठिपका

तिने सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि पुन्हा एकदा मोजलं. सतरा रविवारांचे सतरा छापील कागद. छातीला बांधायचे दोन काळे पट्टे. पट्ट्यांवर टिचबटणांनी बसणाऱ्या, ठोके मोजणाऱ्या दोन चकत्या, आकाराने अगदी सारख्या, एकीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. सायकलच्या हँडलवर लावायची दोन मीटरं. हृदयाच्या डॉक्टरांची एक फाइल, आत चार तपासण्या. आणि टेबलापलीकडे हाताची घडी घालून बसलेले बाबा.

"पुढचं चाक मोजलंस का?" बाबांनी विचारलं.

"बाबा."

"नाही, मोजणी चाललीच आहे म्हणून म्हटलं. माझ्या सायकलला दोन होती. सध्या एकच आहे."

"ऐकू येतंय मला," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

पुढचं चाक गेले तेरा दिवस झोपायच्या खोलीतल्या कपाटात होतं, जाड पांघरुणांच्या मागे, आणि किल्ली आईच्या जुडग्यात. बाबांनी पहिल्या दिवशी विनोद केले, दुसऱ्या दिवशी अबोला धरला, तिसऱ्या दिवसापासून दोन्ही आलटून पालटून चालू होतं. आईवर कशाचाच परिणाम नव्हता. तिने एकच वाक्य धरून ठेवलं होतं, "मुलगी सांगेल तसं. ती शिकली आहे त्यातलं."

ती शिकली होती ते रसायनशास्त्र. नोकरी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. हृदय तिच्या अभ्यासक्रमात कधी आलंच नव्हतं. पण ते कागद तिनेच छापून आणले होते, तिनेच डॉक्टरांना दाखवले होते, आणि आता उत्तरही तिच्याकडूनच हवं होतं, आज संध्याकाळपर्यंत. उद्याच्या रविवारनंतरच्या रविवारी सायकल मंडळाचा वर्षातून एकदाचा घाट होता. अकरा किलोमीटर सलग चढ. मंडळाचं सगळं बघणाऱ्या दाताच्या डॉक्टरांना आज नावं द्यायची होती.

गेल्या वर्षी बाबांना तो घाट चढायला एक तास, एक मिनिट आणि चाळीस सेकंद लागले होते. वरचे शंभर सेकंद काढून टाकायचे, हे त्यांनी त्याच दिवशी वर पोचल्यावर, धापा टाकतच जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्यांनी चार किलो वजन उतरवलं, मागच्या चाकाचं दातेरी चक्र नवं बसवलं, साखळी दर पंधरवड्याला जुन्या टूथब्रशने घासली. बासष्ट वर्षांच्या माणसाने एखाद्या गोष्टीच्या इतकं मागे लागलेलं तिने पाहिलं नव्हतं.

ती कागदांकडे वळली. प्रत्येक कागदावर एक लाल रेघ, बाबांच्या हृदयाच्या ठोक्यांची. सतरापैकी सहा कागदांवर तिने पेन्सिलने गोल केला होता. त्या गोलात रेघ एकशे पन्नासच्या आसपास चालताचालता एकदम भिंतीसारखी उभी राहत होती. दोनशे सहा, दोनशे नऊ, दोनशे बारा. मिनिटभर तिथेच सपाट, आणि मग तशीच एका क्षणात खाली.

"निरोगी हृदय जिना चढतं," डॉक्टर म्हणाले होते. "हे लिफ्टने गेलंय."

मग त्यांनी चार तपासण्या केल्या. कागदावर आलेख काढला, पडद्यावर झडपा पाहिल्या, फिरत्या पट्ट्यावर पळवलं, चोवीस तास तारा लावून घरी पाठवलं. चारही स्वच्छ. डॉक्टरांनी फाइल मिटली, पुन्हा उघडली, आणि पुन्हा मिटली. "तपासण्या चांगल्या आहेत. पण हे कागद मला आवडलेले नाहीत. तूर्त घाट नको." आईने त्यातले शेवटचे तीन शब्द तेवढे उचलले.

प्रयोगशाळेत असं झालं असतं तर ती गोंधळली नसती. एका उपकरणाने हो म्हटलं आणि चारांनी नाही, तर नमुना फेकून नवा घ्यायचा. इथे नमुना समोर बसून टेबलावर बोटांनी ताल धरत होता.

"आणि ही भोकं कसली?" बाबांनी एक कागद स्वतःकडे फिरवला. रेघ मध्येच तुटली होती, दोन बोटांवर पुन्हा सुरू झाली होती.

"तो टेकडीचा चढ. तिथे तुमचा पट्टा काही पकडत नाही. सतराही वेळा. वर पोचलात की परत पकडतो."

"तुझा पकडतो?"

"माझाही नाही." तिने खांदे उडवले. "दोन्ही एकाच दिवशी घेतलेत. एकाच दिवशी म्हातारे झाले."

बाबा त्या भोकाकडे बघत राहिले. नोकरीची एकतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारात ते शिरले की दुकानदारांचे आवाज खाली यायचे म्हणे. मंडळात त्यांना सगळे 'काटा' म्हणत, आणि त्यांना ते आवडे. अजूनही रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसून ते घड्याळ समोर धरत, दोन बोटं मनगटावर ठेवत आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणत, "पंधरा सेकंदांत पंधरा. पंधरा चोक साठ. चला, आजचा दिवस मिळाला."

"त्या पहिल्या वेळी," ते म्हणाले, "कालव्याच्या रस्त्याला. आठवतंय?"

तिला नीट आठवत होतं. सपाट रस्ता, मागून वारा, दोघं शेजारीशेजारी. बाबा तळाला मेण चिकटवलेल्या तराजूचा किस्सा सांगत होते, आधी निदान दहा वेळा सांगितलेला. मध्येच ते मीटरकडे बघून म्हणाले होते, "अगं, हे दोनशे सहा दाखवतंय." आणि तिच्या गळ्याशी काहीतरी फडफडायला लागलं, चिमणी अडकल्यासारखं. हँडलवरचे हात गार पडले. तिने त्यांना रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्याशी थांबवलं. मिनिटभराने बाबा म्हणाले, "आता एकशे अठरा." तशी तिच्या गळ्यातली चिमणीही बसली. भीती अशीच असते, तिने मनाशी म्हटलं होतं. आकड्याबरोबर चढते, आकड्याबरोबर उतरते. पुढच्या पाच वेळाही तसंच झालं होतं.

"तू मला म्हणालीस, तुमचा चेहरा तर ठीक दिसतोय," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, तुझाच पांढराफटक पडलाय."

"घाबरले होते मी."

"हो. तेव्हा मलाही तसंच वाटलं."

ते उठले, खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. चार पावलांची खोली, पण कामावर असल्यासारखे चालले.

"दुकानदार म्हणायचा, साहेब, माल बरोबर आहे, काटा बरोबर आहे, तरी गिऱ्हाईक भांडतंय. मग आम्ही काय करायचो?"

"जप्ती."

"ते नंतर. आधी पारडी बदलायची. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. काटा खरा असेल तर उत्तर तेच येतं. नसेल तर लगेच बोलतो."

"हा काय तराजू आहे का, बाबा?"

"पट्टे दोन, मीटरं दोन, माणसं दोन. अजून तराजूला काय लागतं?"

"मग बदलायचं काय?"

"दर रविवारी आपण दोघं चालवतो. आज एकानेच चालवायचं. दुसऱ्याने नुसतं बसायचं. बसलेल्याचा आकडा हलता कामा नये."

"यातून काय कळणार?"

"काही कळलं नाही, तर तेवढं तरी कळेल."

तेरा दिवसांत तिने कागद वेगवेगळ्या क्रमाने लावले होते, हवेचं तापमान लिहिलं होतं, आदल्या रात्रीची झोप लिहिली होती. काहीतरी साधं करून बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

मागच्या व्हरांड्यात तिची सायकल स्टँडवर चढवलेली होती, पावसाळी दिवसांत जागच्या जागी चालवायला. दोघांनी आपापले पट्टे पाण्याने ओले करून बांधले. ठिपक्याची चकती बाबांच्या पट्ट्यावर, बिनठिपक्याची तिच्या. दोन्ही मीटरं तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवली, डावीकडे बाबांचं, उजवीकडे स्वतःचं. बाबा वेताच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

ती पायडल मारू लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागचं चाक घुमत होतं. बाबा शेवटच्या पानावरचं कोडं सोडवत होते.

"चार अक्षरी. विश्वास."

"भरवसा. बाबा, हलू नका."

"मेंदू हलवला तर चालेल ना?"

तिने कठड्याकडे पाहिलं. डावीकडच्या मीटरवर शहाण्णव होतं. मग एकशे चार, एकशे बारा. बाबांच्या हातातली पेन्सिल कोड्यावरच होती. उजवीकडे, तिच्या स्वतःच्या मीटरवर, एकसष्ट.

तिला आधी वाटलं, आपण उलट बाजूंनी ठेवली मीटरं. तिने मीटरच्या पाठीवरची नावाची चिठ्ठी आठवून पाहिली. मग तिला वाटलं, बाबांना आत्ता, बसल्याजागी, काहीतरी होतंय. तिचे पाय जोरात फिरले. डावीकडे एकशे एकतीस झाले.

नेमकी तेव्हाच आई दारात आली, हात पुसत. तिने पहिल्यांदा पाहिलं ते डावीकडचं मीटर.

"हे बघ. हे बघ गं. नुसतं बसून एकशे एकतीस. आणि यांना घाट चढायचाय."

"थांब जरा," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कठड्याकडे वाकले. "तू पायडल थांबव."

तिने थांबवलं. एकशे एकतीस, एकशे चोवीस, एकशे नऊ. उजवीकडे एकसष्ट, बासष्ट.

"चालव."

डावीकडचा आकडा वळला आणि चढू लागला.

"थांबव."

तो उतरू लागला. बाबांनी तिला आणखी एकदा चालवायला लावलं, आणखी एकदा थांबवलं. मग पट्ट्यात हात घालून स्वतःची चकती काढली आणि डोळ्यांजवळ धरली.

"हा ठिपका कोणी लावला?"

"तुम्हीच. घेतल्या त्या दिवशी."

"मी लावला तो कडेला होता. बारीक. मी मध्यभागी कधी खूण करत नाही, नोकरीतली सवय आहे."

आई म्हणाली, "तो लाल डाग का? तो मी घासून काढला होता. तुम्ही पट्टे धुता आणि या गोट्या माझ्या वाटीत टाकून ठेवता. मला वाटलं, कसलातरी डाग पडलाय."

आईचं ऐकून तिला आठवलं. चार महिन्यांपूर्वीची एक सकाळ, वाटीत दोन कोऱ्या चकत्या. तिने दोन्ही उजेडात धरल्या होत्या. एकीवर ओरखडा होता. ओरखडा म्हणजे बाबांची, बाबा वस्तू आपटतात, असं तिने ठरवलं होतं आणि बाटलीतला ब्रश बुडवून त्या चकतीच्या मध्यभागी ठळक ठिपका दिला होता. पडताळा घ्यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"म्हणजे मीटर खोटं?" आईने विचारलं.

"मीटर खरं आहे. चकत्या बदलल्यात," बाबा म्हणाले. "माझं मीटर हिची चकती ऐकतंय, हिचं मीटर माझी. शेजारून चालवतो तेव्हा दोन्ही ऐकू येतात. चढावर ही पुढे निघून जाते, की दोन्ही मुकी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तीच तुझी भोकं."

"पण मग ते दोनशे तुमचं नव्हतंच?"

"नव्हतं."

"एकदाही?"

"एकदाही नाही. माझं आपलं पंधरा चोक साठ."

आईने पदराने कपाळ टिपलं. तेरा दिवस ताठ ठेवलेले खांदे तिने खाली सोडले, आणि ती एकदम लहान दिसायला लागली. "मेलं ते यंत्र," ती म्हणाली, पण रागाने नाही. कमरेचं जुडगं तिने हातात घेतलं आणि ती आत वळली. पांघरुणांचे गठ्ठे खाली काढल्याचे आवाज येऊ लागले.

बाबांनी खुर्चीत अंग टाकलं आणि ते हसले, पोट हलेपर्यंत.

"चार तपासण्या. चोवीस तास तारा. तेरा दिवस चाक कोठडीत. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत गं तुम्ही दोघींनी."

ती हसली नाही. बाबांचं हसू थोडं पुढे गेलं आणि मग मध्येच उतरलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

ती सायकलवरून उतरून आत गेली आणि कागदांचा गठ्ठा घेऊन आली. सहा गोल. सगळ्या कागदांच्या वरच्या कोपऱ्यात तिच्याच नीटस अक्षरात 'बाबा' लिहिलेलं होतं. तिच्या नावाची फाइल कपाटात वेगळी होती. त्यातल्या रेघा गेले चार महिने इतक्या शांत होत्या, की तिने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं होतं, व्यायाम अंगी लागतोय.

"घाबरलीस म्हणून झालं असेल ते," बाबा म्हणाले. "मी आकडा सांगितला, तू घाबरलीस."

"तुम्ही आकडा सांगण्याआधी तो मीटरवर आलेला असायचा ना, बाबा?"

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"पुन्हा एकदा बघते," ती म्हणाली.

"कशाला? कळलं की."

"एकदा घेतलेलं माप हे माप नसतं. तुमचंच वाक्य आहे."

"नको म्हणतो ना मी."

"हळू चालवते. तुम्ही समोरच आहात."

ती पुन्हा बसली. बाबांनी खुर्ची ओढून सायकलच्या अगदी जवळ आणली आणि डावीकडचं मीटर हातात घेतलं. या वेळी त्यांनी कोडं काढलं नाही. चाक घुमू लागलं. शंभर. एकशे सोळा. एकशे अठ्ठावीस. आकडे पायरीपायरीने येत होते, आणि प्रत्येक पायरीला बाबा अगदी बारीक मान हलवत होते, जशी एकेक वजन पारड्यात ठेवताना हलवत असतील. पाचव्या मिनिटाला एकशे एकोणचाळीस. सातव्याला एकशे एकेचाळीस. तिला बरं वाटत होतं. पाय हलके होते. तिला वाटलं, भीतीच होती ती, आणि भीतीचं काय, ती कुणालाही वाटते.

"झालं की," बाबा म्हणाले. "उतर आता."

तिने हो म्हणायला तोंड उघडलं, आणि गळ्याशी चिमणी फडफडली.

बाबांनी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांची नजर मीटरवर होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. तिने पायडल थांबवलं. चाक थोडा वेळ स्वतःच्या जोरावर फिरलं, मग तेही थांबलं. ती पाय टेकून उभी राहिली, हँडलला धरून. व्हरांड्यात आता कसलाच आवाज नव्हता.

"उतरतोय का?" तिने विचारलं.

बाबांनी मीटर कठड्यावर पालथं ठेवलं. खुर्ची मागे सरकवली, तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी तिचा हात उलटा करून मनगटावर दोन बोटं ठेवली. तिथे नीट लागेना, म्हणून बोटं गळ्याशी नेली. डावा हात डोळ्यांसमोर धरला. घड्याळातल्या सेकंदकाट्यावर त्यांची नजर स्थिर झाली आणि ओठ हलू लागले, आवाज न करता, फार भरभर.

आई दारात आली. छातीशी धरलेलं चाक तिने पदराने पुसलं होतं, आरे चमकत होते.

"हवा कमी झालीय यातली," ती म्हणाली. "पंप कुठेय तुमचा? अहो. कसली मोजणी चाललीय आता?"

बाबांनी बोटं गळ्यावरून काढली नाहीत. सेकंदकाटा बारावरून तीनवर आला.

"पंधरा सेकंदांत," ते म्हणाले, "त्रेपन्न."